वेईची देवी, कुडाळचे देव

मुंबईच्या विमानतळावर माझ्या देवांचा एक्स-रे निघाला. हातातली पिशवी पट्ट्यावरून पुढे सरकली, थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. पडद्यासमोर बसलेल्या मुलीनं मान वाकडी करून विचारलं, "आजी, या डब्यात काय आहे?"

"तांदूळ."

"आणि तांदळात?"

"बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि आमच्या कुलदेवीचा टाक."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसवलेली देवीची लहानशी प्रतिमा. देव प्रवासाला निघाले की ते तांदळात ठेवून न्यायचे, अशी आमच्याकडची रीत. मुलीनं डबा उघडला नाही. बसल्या जागेवरून हात जोडले आणि पुढच्या माणसाची बॅग ओढली. मला मात्र ते "आजी" जरा लागलं. मी सदुसष्ट वर्षांची आहे हे खरं, पण लग्न केलेलं नाही, नातवंडं नाहीत, आणि कुडाळच्या कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला "मॅडम"ची सवय आहे.

देव घेऊन मी विलायतेला का निघाले होते, ते आधी सांगते. देव मूळचे माझ्या थोरल्या भावाकडचे. दादा आजारी पडला, वहिनी आधीच गेलेली, म्हणून देव माझ्या फ्लॅटवर आले आणि कितीतरी वर्षं राहिले. गेल्या वर्षी दादा गेला. वर्षश्राद्धाला जमलेल्या भाऊबंदांनी पानावरून उठता उठता विषय काढला, की देव आता सौरभकडे जायला हवेत. सौरभ हा दादाचा एकुलता एक मुलगा, लीड्सला सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. घरचे देव मुलाच्या घरी जातात, लेकीच्या नाही. इतकी वर्षं मी त्यांना आंघोळ घालत होते तेव्हा यांतल्या एकालाही हा नियम आठवला नव्हता, पण ते असो.

कोकणात असं काही ठरवायचं तर ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्या गुरवानं माझ्यासाठी विचारलं, "तुझी लेक घरचे देव दर्यापार घेवन जाता, तुझी मर्जी आसा काय?" शब्द संपायच्या आत उजवी कळी पडली. गुरव खूश झाला. "आणखी काय इचारूचा आसा?" म्हणाला. मी म्हटलं, नको.

खरं तर दुसरा प्रश्न होता. देव तिथेच ठेवून येऊ का, हा. तो मी मुद्दाम विचारला नाही. त्यामुळे माझी बाजू पक्की होती: न्यायची परवानगी मिळालेली, ठेवायची कुणी दिलेली नाही. परतीच्या विमानात डबा रिकामा असेल की भरलेला, हे मी घर बघून ठरवणार होते. आणि मनातून मला तो भरलेलाच हवा होता. देव गेले तर सकाळी उठून मी करायचं काय, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

हाउन्सलो

पहिले दोन दिवस शालनकडे राहिले. शालन माझी शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन इथे आली, विमानांत जेवण भरून पाठवणाऱ्या एका मोठ्या किचनमध्ये तिनं हयात घालवली, आता पेन्शनवर आहे. तिच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. मला पहिल्यांदा वाटलं शालनला विस्मरण व्हायला लागलंय. वाक्य अर्धं सोडून ती छताकडे बघत बसायची, आणि विमान गेलं की बरोब्बर त्याच शब्दापासून पुढे बोलायची. दुसऱ्या दिवशी मीही तेच करायला लागले.

तिनं बांगडे केले होते. इथला बांगडा आपल्यापेक्षा धष्टपुष्ट असतो, पण चवीला जरा सपक. तिनं त्याला तिरफळ घालून वठणीवर आणलं होतं. कोकम मी नेलेलं. सोलकढीचा पहिला घोट घेतल्यावर शालननं वाटी संपवूनच खाली ठेवली.

जेवणानंतर मी देवांचा डबा तिच्या टीव्हीशेजारी ठेवला. तिनं बघितलं.

"मंदे, तू देव घेवन इलंस?"

"सौरभकडे द्यायला. म्हणजे बघू."

"माझे मी देवळात दिलंय. सासू गेल्यार ताबडतोब. हय येवन ते करतले काय? विमाना मोजतले?"

"तुला चुकल्यासारखं नाही वाटत?"

"वाटता," ती म्हणाली. "दसऱ्याक वाटता." मग विमान आलं आणि ती थांबली, पण या वेळी पुढचं वाक्य आलं नाही.

लंडन

दुसऱ्या दिवशी पिकॅडिली लाइनची भुयारी रेल्वे पकडून आम्ही म्युझियमला गेलो. लंडनमध्ये बघायला राजवाडे आहेत, पूल आहेत, पण मला एकच बघायचं होतं. मी वर्गात जन्मभर रोम शिकवलं आणि रोमची वीटसुद्धा कधी पाहिली नव्हती. त्यातही मला रोमपेक्षा रोमच्या शेजाऱ्यांचं वेड. रोम लहान गाव होतं तेव्हा त्याच्या उत्तरेला एट्रुस्कन लोकांची श्रीमंत शहरं होती. त्यांतलं वेई हे अगदी जवळचं. कुडाळाहून सावंतवाडीला जावं इतकंच अंतर. अभ्यासक्रमात त्याला एक ओळ होती: "रोमने वेई जिंकले." त्या एका ओळीवर मी अख्खा तास घ्यायचे, आणि परीक्षेला काही येणार नाही हे माहीत असूनही मुलं ऐकायची.

गोष्ट अशी. वेई उंच पठारावर वसलेलं, दोन्ही बाजूंनी ओढे, खाली कातळात खोदलेले पाण्याचे बोगदे. हे लोक बोगदे खोदण्यात पटाईत. रोमनांनी वर्षानुवर्षं वेढा घातला, आणि दंतकथा सांगते की शेवटी ते भुयारातूनच आत शिरले. ज्याचं कौतुक त्यानंच घात केला. शहर पडलं, माणसं गुलाम म्हणून विकली गेली, घरं लुटली. मग देवळाची वेळ आली. वेईची देवी युनी, रोमन तिला जुनो म्हणत. तिच्या मूर्तीला हात लावायचा हक्क एका ठराविक घराण्याच्या पुजाऱ्यालाच. आमच्या गुरवांसारखंच. आता तिला रोमला न्यायची तर होती, पण लुटीच्या सामानासारखी उचलायची हिंमत एवढ्या मोठ्या सैन्यालाही होईना. शेवटी काही तरुण शिपाई निवडले. त्यांनी आंघोळ केली, पांढरे कपडे घातले, भीत भीत देवळात गेले. आणि त्यांतल्या एकानं मूर्तीला विचारलं, "रोमला येतेस का?"

बाकीचे ओरडले, तिनं मान हलवली. काही म्हणाले, ती बोललीसुद्धा. मग मूर्ती उचलली तर ती जड लागली नाही म्हणे. आपल्या पायांनी चालत आल्यासारखी आली.

इथे मी वर्गाला विचारायचे, "म्हणजे रोमनांनी काय केलं?" आणि मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, "कौल लावल्यानी, मॅडम." दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या मुलांना हे इतक्या झटक्यात कळलं असतं असं मला वाटत नाही.

तर म्युझियमच्या एका आडबाजूच्या दालनात, कुणी फारसं थांबत नाही अशा कपाटात, मला वेईची पाटी दिसली. सोनं नाही, मूर्ती नाही. भाजक्या मातीचे पाय. घोट्यापर्यंतचे, साच्यातून काढलेले, चार-पाच. हात होते, एक कान होता, दुपट्यात गुंडाळलेलं एक मातीचं बाळ होतं. शालन काचेला नाक लावून बघत राहिली.

"ह्ये काय गो? भंगार?"

"नवसाचे आहेत. पाय दुखत असला की मातीचा पाय देवीला वाहायचा."

"म्हणजे आपण चांदीचे डोळे वाहतो तसे."

"तसेच."

पाटीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की यांतले बरेचसे शहर रोमच्या ताब्यात गेल्यानंतरचे आहेत. मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. माझ्या तासात वेईची गोष्ट देवी रोमला गेली की संपायची. घंटा व्हायची, मुलं उठायची. आणि इथे माझ्यासमोर पुरावा होता की शहर पडलं, देवी गेली, नवे मालक आले, तरी गुडघे दुखणाऱ्या बायका त्याच जुन्या देवळांच्या पायऱ्या चढतच राहिल्या. पुढे कधीतरी रोमनांनी वेईला पुन्हा गावाचा दर्जा दिला, चौक बांधला, नाटकघर बांधलं. मोठं काही झालं नाही ते गाव, पण मेलंही नाही.

मला का कोण जाणे फार बरं वाटलं. शालनला भूक लागली होती. म्युझियमच्या कँटीनमध्ये आम्ही स्कोन नावाचा एक गोडसर पाव दोघींत खाल्ला आणि किंमत बघून दुसरा घ्यायचा बेत रद्द केला.

लीड्स

सौरभ स्टेशनवर आला होता. घर चढावरच्या गल्लीत, लाल विटांचं, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेलं. तिथल्या थंडीबद्दल मी लिहिणार नाही. सगळेच लिहितात. मला नवल वाटलं ते माणसांच्या बोलण्याचं. बसचा ड्रायव्हर मला "लव्ह" म्हणाला, भाजीवाला म्हणाला, पोस्टमन म्हणाला. इथली तशी पद्धतच आहे, आपण "ताई" म्हणावं तशी. पण जन्मात इतक्या पुरुषांनी मला असं काही म्हटलं नव्हतं, तेव्हा मी हरकत घेतली नाही.

सौरभची बायको केतकी लीड्समध्येच जन्मलेली. तिचे आईवडील पूर्वी कधीतरी कोल्हापूरहून आले. ती एका मोठ्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डवर नर्स आहे. उंच, अबोल, आणि मराठी बोलताना एकेक शब्द तपासून ठेवणारी. मला "अहो आत्या" म्हणते. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला स्वयंपाकघरात नेलं. केटलच्या वर, खिडकीशेजारी, नवी कोरी लाकडी फळी ठोकलेली होती.

"सौरभने लावला. लेव्हल बघून. आत्या, चालेल ना हे?"

फळीखाली केटल, केटलशेजारी ब्रेडचा डबा, त्याच्या खाली कपडे धुवायचं मशीन. स्वयंपाकघरात कपडे धुणं ही इंग्रजांची रीत मला अजूनही पटलेली नाही. मी देव तांदळातून काढले, आंघोळ घातली, फळीवर बसवले. सौरभ लांबून बघत होता. लहानपणी तो बाळकृष्णाचं लोणी पळवायचा.

मग केतकी म्हणाली, "आत्या, मला एक सांगायचा होतं. मी रोज पूजा नाही करू शकणार. माझे नाइट शिफ्ट्स असतात, ड्युटीचा रोटा दर आठवड्याला बदलतो. आणि मला मंत्र वगैरे काही येत नाही. आय डोन्ट वॉन्ट टू लाय टू यू."

खरं बोलली म्हणून मला ती आवडली, आणि तेच खरं होतं म्हणून मला रागही आला. मी नुसतं "हं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरांजन लावलं, धूप घातला, आणि छताला चिकटलेली एक पांढरी वाटी किंचाळायला लागली. मी घंटा वाजवत होते ती हातात तशीच राहिली. सौरभ अंगाला साबण लागलेला धावत आला आणि टॉवेलनं त्या वाटीला, म्हणजे धुराच्या अलार्मला, वारा घालायला लागला. शेजारच्या बाई दारात येऊन "ऑल राइट, लव्ह?" विचारून गेल्या. आमचे देव इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतक्या गोंगाटात बसले असतील. त्यानंतर मी धूप मागच्या अंगणात नेऊन लावायला लागले, देवांना खिडकीतून वास येईल या हिशेबानं.

पण माझं मन उडालं ते यामुळे नाही. तिसऱ्या दिवशी पहाट झाल्यावर मी पाणी प्यायला खाली उतरले, तर स्वयंपाकघरात केतकीचा आवाज. रात्रपाळी करून आली होती. अंगावर हॉस्पिटलचे निळे कपडे, हातात चहाचा मग, पाय मोकळे सोडून ओट्याला टेकलेली, आणि फळीकडे बघून बोलत होती. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी.

"...बेड फोरवाले आजोबा दोन दिवस काहीच खात नव्हते. आय ट्राइड एव्हरीथिंग. आज दोन चमचे कस्टर्ड खाल्ला. दोनच. बट स्टिल. आणि आम्ही आज परत तिघीच होतो वॉर्डवर, तर प्लीज, उद्या कोणीतरी पाठवा."

मी दारातूनच मागे फिरले. आंघोळ नाही, हात धुतलेले नाहीत, दवाखान्याचे कपडे, तोंडात चहा, आणि देवांसमोर कस्टर्ड. याला काय पूजा म्हणायचं? ती मुलगी मनानं वाईट नव्हती, पण देव काही शेजारी नव्हेत की येता-जाता कठड्याला टेकून गप्पा माराव्यात. संध्याकाळी मी सौरभला सांगितलं, देव मी परत नेते.

"तुझ्याकडेच शोभतात ते, आत्या," तो लगेच म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटावं. केतकी भांडी पुसत होती. पाठमोरीच म्हणाली, "ओके, आत्या. तुम्हाला ठीक वाटेल ते." आणि तीच ताटली बराच वेळ पुसत राहिली.

ऑल्डबरो

रविवारी सौरभनं गाडी काढली. तासाभरावर ऑल्डबरो म्हणून खेडं आहे, त्याच्या खाली रोमन शहर झोपलंय. इथे ब्रिगँटीझ नावाची जमात राहायची. रोमनांनी जिंकल्यावर त्यांच्याच नावाचं शहर वसवलं. आता वर चर्च, चार घरं, हिरवळ, आणि कुंपणापलीकडे कोकरं दुडदुडत असलेली. लाल दगडाच्या तटाचा एक तुकडा उभा आहे. एका झोपडीवजा खोलीत, जमिनीपासून थोडं खाली, बारीक रंगीत खडे बसवून फरशीत केलेला तारा आहे. कुणाच्यातरी दिवाणखान्याची जमीन. मी कठड्याला धरून इतका वेळ उभी राहिले की सौरभ कंटाळून कॉफी शोधायला गेला.

केतकी माझ्याजवळ थांबली. बाहेर बाकावर बसून आम्ही तिनं आणलेली सँडविचेस खाल्ली. मी सोबत लसणीची चटणी नेली होती, ती आत भरल्यावर सँडविचला अर्थ आला. बोलायला काही नव्हतं म्हणून मी वेईची गोष्ट काढली. शिकवायची सवय जात नाही. भुयार, आंघोळ केलेले शिपाई, पांढरे कपडे, "रोमला येतेस का", सगळं सांगितलं. ती हातातलं खाणं विसरून ऐकत होती.

मग विचारलं, "आणि ते पुजारी? फक्त ज्यांना टच करायचा राइट होता ते? ते पण गेले का रोमला?"

"माहीत नाही."

"मग तिथे तिची पूजा कोण करायचे?"

"रोमन लोकच करत असणार."

"त्यांना येत होती?"

इतकी वर्षं ही गोष्ट सांगितली, इतक्या मुलांनी ऐकली, हा प्रश्न ना कुणी विचारला ना मला पडला. देवी हलकी झाली, रोमला गेली, तिथे तिला मोठं देऊळ बांधलं, इथवर मला माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? कोण उठलं, कुणी तिच्यासमोर उभं राहून कुठल्या भाषेत काय म्हटलं?

"त्यांच्या पद्धतीनं केली असेल," मी म्हणाले.

"चुकीचा?"

"चुकीची कशी? त्यांच्या पद्धतीची. आणि देवी शेकडो वर्षं राहिली तिथे, रागावून परत गेली असं काही कुणी लिहिलेलं नाही."

हे मीच बोलले, माझ्याच तोंडानं. केतकीनं चटणीचं झाकण नीट लावलं आणि विचारलं, की ही चटणी शिकवाल का. सौरभ तीन कॉफ्या सांभाळत येत होता.

इथे माझा निर्णय बदलला असता तर गोष्ट सोपी झाली असती. पण मी हट्टी आहे, हे कुडाळमध्ये कुणीही सांगेल. गाडीत मी स्वतःला समजावलं की जुनोची गोष्ट वेगळी. ती होती राज्याची देवी, आमचे घरातले चार देव. राज्याच्या देवांना माणसं लागतात, घरच्यांना शिस्त लागते. आता हे वाक्य वाचताना मलाच हसू येतं.

शेवटची सकाळ

विमान मँचेस्टरहून दुपारचं होतं. आदल्या संध्याकाळी केतकी कामावर निघाली, तेव्हा वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मी येईपर्यंत तुम्ही जाऊ नका. प्लीज." ती गेल्यावर मी देव उतरवले, पुसले, तांदळाच्या डब्यात ठेवले, डबा पिशवीत, पिशवीची चेन बंद. फळीवर कुंकवाचे चार ठिपके राहिले होते. ते पुसायला हात गेला नाही.

सकाळी मी लवकर तयार झाले. सौरभ टॅक्सीवाल्याशी फोनवर बोलत होता. मी स्वयंपाकघरात शेवटचा चहा करत होते. पुढचं दार उघडलं आणि केतकी आली. निळे कपडे, केस सुटलेले, डोळ्यांखाली काळं. कोटही न काढता सरळ आत आली. मी समोर होते, पण तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती फळीकडे बघत होती.

मग आठवलं असावं. खांदे खाली आले.

"पॅक केले?" तिनं विचारलं.

"हो. पिशवीत आहेत."

ती खुर्चीवर बसली. बुटांच्या नाड्या सोडायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मी चहाचा कप तिच्यासमोर ठेवला. तिनं घेतला नाही.

"आत्या," ती म्हणाली, मान वर न करता, "सौरभला मी हॉस्पिटलचं नाही सांगत. त्याला झोप लागत नाही मग. आई-बाबांना पण नाही. पहिल्या दिवसापासून मी घरी आले की यांना सांगायचे. दहा मिनिटं. मग झोपायचे. मला माहीत आहे, ते पूजा नाही." ती थांबली. "आता मी कोणाला सांगू?"

केटलमधलं पाणी अजून बुडबुडत होतं. सौरभ दारात येऊन म्हणाला की टॅक्सी वीस मिनिटांत येते, आणि आमच्याकडे बघून परत गेला.

मी विचार करत होते असं लिहिलं तर ते खरं ठरणार नाही. मी एवढंच बघितलं की माझ्यासमोर एक दमलेली मुलगी बसली आहे, आणि माझ्या देवांना मी सगळ्या वर्षांत स्तोत्रं म्हटली, आरत्या म्हटल्या, नैवेद्य दाखवले, पण दादा गेला त्या रात्रीसुद्धा एक शब्द माझ्या मनातला सांगितला नव्हता. सांगायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. आमचा गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा याहून वेगळं काय करतो? देवाला उभ्यानं, साध्या बोलीत, गावाची सगळी दुखणी सांगतो.

मी पिशवी टेबलावर घेतली, चेन उघडली, डबा काढला. तांदळात बोटं घालून एकेक देव वर काढला आणि फळीवर ठेवला. आधी गणपती, मग अन्नपूर्णा, मग बाळकृष्ण. टाक शेवटी, मधोमध. मला रडू येत होतं, हे लपवायचं कारण नाही.

केतकी उभी राहिली. एकदा फळीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या कपड्यांकडे बघून घाईनं कोटाची बटणं काढायला लागली.

"मी पाच मिनिटांत आंघोळ करून येते, आत्या. नीट करते. तुम्ही म्हणाल तसं."

"नको," मी म्हटलं, आणि तिला खांद्याला धरून फळीसमोर उभं केलं. "आंघोळ नंतर. आधी सांग, रात्री काय झालं ते."